ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट वाजतोय? अख्खा शाफ्ट बदलायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आडव्या इंजिनाची ऑल-व्हील-ड्राइव्ह एसयूव्ही, लाखाच्या वर किलोमीटर झालेले. सोसायटीच्या पार्किंगमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट आवाज येतो, घाट चढताना गाडी थरथरते, आणि गॅरेजने चारही ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) व प्रोपेलर शाफ्ट (गाडीखालून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) नवीन टाकायचं कोटेशन हातात ठेवलंय. हे काम कमी पैशांत, पण पक्कं होईल का?

होईल, फक्त आधी नेमका कोणता जॉइंट गेलाय ते शोधायला हवं. अशा गाडीत पुढे चार जॉइंट, मागे चार आणि मधल्या प्रोपेलर शाफ्टला दोन-तीन असतात. हे दहा-अकरा जॉइंट एकाच वेळी कधीच जात नाहीत. मागच्या शाफ्टना स्टिअरिंगचा कोन सोसावा लागत नाही, त्यामुळे बूट, म्हणजे जॉइंटवरचं ग्रीस धरणारं आवरण, शाबूत असेल तर ते पुढच्यांपेक्षा खूप जास्त टिकतात. पैसे वाचतात ते या निदानात. स्वस्त पार्ट टाकून वाचत नाहीत.

आवाजावरून सुरुवात करा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू ॲक्सिलरेटर द्या, मग उजवीकडे, मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये. चाकाच्या वेगाबरोबर वाढणारी कट-कट म्हणजे चाकाकडचा, बाहेरचा जॉइंट. बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा वाजतो, पण तेवढ्यावर शिक्का मारू नका, हाताने तपासल्याशिवाय खात्री नाही. सरळ रस्त्यावर, विशेषतः दिवे घाट किंवा कात्रजचा जुना घाट चढताना जोर दिला की थरथर आणि पाय उचलला की शांत, असं असेल तर गिअरबॉक्सकडचा, आतला जॉइंट पाहा. ड्राइव्हवरून रिव्हर्सला टाकताना किंवा क्लच सोडताना खालून एकदाच ‘ठक्’ आणि हळू चालताना किर्र-किर्र, हा प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा चौफुलीच्या आकाराचा जॉइंट. उठाव घेताना खालून घरघर आणि पायाखालच्या पत्र्याला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर प्रोपेलर शाफ्टला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग. वळण बदललं की कमी-जास्त होणारा एकसुरी ‘हुंऽऽ’ मात्र शाफ्टचा नाही. तो व्हील बेअरिंगचा, आणि त्यापायी चांगले शाफ्ट बदलले गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. फक्त खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर ठकठक होत असेल तर लिंक रॉड आणि बुश पाहा.

इथे ऑल-व्हील-ड्राइव्हवाले हमखास फसतात. डायल टू-व्हील ड्राइव्हवर (फक्त पुढच्या चाकांना ताकद) ठेवली तरी आवाज येतोय, म्हणजे मागच्या बाजूचा दोष नाही, असा निष्कर्ष काढतात. डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्हसारख्या गाडीत मागच्या डिफरन्शियलजवळचा कपलिंग क्लच टू-व्हीलमध्ये सुटतो, पण प्रोपेलर शाफ्ट फिरतच राहतो, कारण पुढच्या गिअरबॉक्सला लागलेला ट्रान्सफर युनिट त्याला सतत फिरवतो. म्हणून प्रोपेलर शाफ्टची थरथर दोन्ही मोडमध्ये येते. क्रॉसचा ‘ठक्’ मात्र टू-व्हीलमध्ये कमी होतो, कारण तेव्हा शाफ्टवर भार नसतो.

आता हाताने तपासणी. गाडी स्टँडवर घ्या आणि नुसत्या जॅकवर कधीही खाली जाऊ नका. चाकं इंजिनने फिरवून बघायची असतील तर चारही चाकं हवेत हवीत. पुढची दोनच उचलून गिअर टाकलात आणि कपलिंगने पकड घेतली, तर मागची चाकं गाडी स्टँडवरून पुढे ढकलतील. तुमच्याकडे चार भक्कम स्टँड नसतील तर ही पायरी लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्येच करा.

एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने शाफ्ट धरून उलटसुलट पिळा. बाहेरच्या जॉइंटमध्ये जवळजवळ प्ले (ढिलेपणा) नसावा, ‘टिक’ जाणवलं तर घासला. आतल्या जॉइंटला थोडा पीळ असतोच. शिवाय तो लांबी भरून काढण्यासाठी आत-बाहेर सरकण्यासाठीच बनवलेला असतो. शाफ्ट दोन-तीन सेंटिमीटर सरकतो म्हणून ‘गेला’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. क्रॉस तपासताना त्याला दोन्ही बाजूंनी धरणारे फोर्क (दुबेळकी टोकं) हातात धरून हलवा. डोळ्यांना दिसणारी कुठलीही हालचाल किंवा क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या सीलभोवती गंजाची लालसर पूड दिसली तर क्रॉस संपला.

बूट फाटलाय पण आवाज नाही, ही सगळ्यात स्वस्तात सुटण्याची वेळ. जॉइंट स्वतःहून क्वचितच मरतो, बहुधा फाटलेला बूट त्याला मारतो. रबर चिरलं की ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि पावसाळ्यात ताम्हिणीचा चिखल किंवा शहरातल्या कामांचा सिमेंटमिश्रित राडा आत जातो. ग्रीस आणि वाळू मिळून पॉलिश पेपरचं काम करतात. म्हणून पालख्या पुण्यात यायच्या आधी, म्हणजे जूनच्या सुरुवातीलाच, आठही बूट टॉर्चने पाहायचे, वळ्या बोटांनी फाकवून. चीर वळीच्या तळाशी पडते, वरून दिसत नाही. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर बूट फुटलाय हे न वाकताही कळतं.

शाफ्ट काढताना पहिलं काम गाडी जमिनीवर असतानाच: हब नट ढिला करा. अशा गाड्यांत तो साधारण ३० किंवा ३२ मिलिमीटरचा असतो. नटची ठोसलेली कड छिन्नीने आधी वर काढा, नाहीतर आटे फाटतील. एकाने ब्रेक दाबून ठेवायचा, दुसऱ्याने लांब दांडी लावायची. मग गाडी स्टँडवर, चाक बाहेर, एबीएस सेन्सरची वायर आणि ब्रेकचा होज ब्रॅकेटमधून सोडवा, आणि शॉकॲब्सॉर्बरचे नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) लागलेले दोन बोल्ट काढा. त्याआधी बोल्टच्या जागेवर रंगाची खूण करा, नाहीतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतो आणि नंतर अलाइनमेंटचा वेगळा खर्च. नकल बाहेर झुकवून शाफ्टचं टोक हबमधून आत सरकवा. अडकलं तर नट टोकाशी समपातळीत ठेवून, लाकडाचा तुकडा मध्ये घेऊन ठोका. उघड्या टोकावर हातोडा बसला तर आटे पसरतात आणि स्वस्तातलं काम नव्या जॉइंटवर जातं.

आतली बाजू टॉमीने गिअरबॉक्सजवळून उचकटायची, शाफ्ट ओढून नाही. ओढलात तर ट्रायपॉडचे, म्हणजे तीन रोलरवर चालणाऱ्या आतल्या जॉइंटचे, रोलर घरातून निसटून बूटमध्येच विखुरतात. ऑइल गळणार, भांडं खाली ठेवा. उजवीकडचा शाफ्ट बऱ्याच ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत ट्रान्सफर युनिटमधून जातो, त्यामुळे त्याचं ऑइलही निघू शकतं. हे ऑइल गिअरबॉक्सपेक्षा वेगळं असतं, मात्रा कमी असते, आणि परत भरायला सर्वाधिक विसरलं जाणारं तेच आहे. कोरड्या ट्रान्सफर युनिटपुढे शाफ्टचा खर्च किरकोळ वाटेल.

आणखी एक. शाफ्ट काढून ठेवला आणि गाडी दुसरीकडे ढकलायची वेळ आली, तर थांबा. बहुतेक पुढच्या हबमध्ये बेअरिंग त्या शाफ्टच्या नटनेच दाबून धरलेलं असतं. नट नसताना चाकावर वजन दिलं की बेअरिंग उघडतं. जुना बाहेरचा जॉइंट एकटाच हबमध्ये घालून नट आवळा, मग गाडी हलवा.

शाफ्ट व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना लाकूड किंवा तांब्याचा पत्रा लावा. क्लिपा कापा, बूट मागे सरकवा आणि ग्रीस बोटांत चोळून पाहा. काळं, गुळगुळीत असेल तर आशा आहे. खरखरीत लागलं तर वाळू, आणि चांदीसारखी चमक दिसली तर पोलाद झडतंय. शाफ्ट, आतली रेस (खाचा असलेला मधला गाभा), केज (छर्रे धरणारी जाळी) आणि बाहेरचा कप या सगळ्यांवर एका रेषेत रंगाची खूण करा. मग पितळी पंच आतल्या रेसवर टेकवून ठोका, सर्क्लिप (जॉइंट अडकवून ठेवणारी स्प्रिंगची रिंग) दबते आणि जॉइंट सुटतो. काही जॉइंटची सर्क्लिप आधी पक्कडीने फाकवावी लागते, तिथे नुसतं ठोकत राहाल तर रेसला तडा जाईल.

जॉइंट उघडताना केज तिरकी करून सहा छर्रे (पोलादी गोळ्या) एकेक काढा. प्रत्येक छर्रा कोणत्या खाचेतून आला ते कळेल असा क्रम ठेवा, अंड्यांचा ट्रे याला उत्तम. डिझेलमध्ये धुवा, पेट्रोलमध्ये नको. मग उजेडात, सावकाश बघा. खाचेत चकचकीत पट्टा दिसणं म्हणजे चालल्याची खूण, खराबी नव्हे. नखाला अडकेल अशी कड, खळगे किंवा पापुद्रा सुटलेला दिसला तर जॉइंट बाद. केजच्या खिडकीत छर्ऱ्याने पाडलेली पायरी किंवा दोन खिडक्यांमधल्या दांडीला बारीकशी चीर असेल तरीही बाद. निळसर रंग चढला असेल तर जॉइंट ग्रीसविना तापलाय, टणकपणा गेलाय, त्यावर पैसे घालू नका.

नवीन छर्रे टाकून किंवा खाचा वेल्डिंगने भरून, घासून ‘नवा’ करून देणारे भेटतात. नका करू. या भागांचा फक्त वरचा पातळ थर टणक केलेला असतो, आतलं पोलाद चिवट आणि मऊ. वेल्डिंगची उष्णता तो थर मारते आणि नुसते मोठे छर्रे घातले तर सहाही खाचांत भार सारखा वाटला जात नाही. दोन-तीन छर्रेच सगळा जोर घेतात आणि काही महिन्यांत केज फुटते. केज चालत्या गाडीत फुटली की चाकाची ताकदच जाते.

त्याऐवजी एक जुनी, खरी उपयोगी युक्ती आहे: डावी-उजवी अदलाबदल. पुढे चालताना इंजिनाचा जोर प्रत्येक खाचेच्या एकाच कडेवर पडतो, दुसरी कड फक्त रिव्हर्समध्ये आणि इंजिन ब्रेकिंगमध्ये वापरली जाते. डाव्या बाजूचा बाहेरचा जॉइंट उजवीकडे लावला की तो उलट दिशेने फिरतो, म्हणजे न घासलेली कड पुढच्या जोराला येते. मारुती जिप्सीसारख्या सरळ ॲक्सलच्या गाड्यांत नकलच्या आतल्या जॉइंटसाठी हे सर्रास करता येतं. तुमच्या गाडीत शाफ्टची लांबी डावी-उजवी वेगळी असेल, पण बाहेरचा जॉइंट अनेकदा सारखाच असतो. आतले-बाहेरचे दाते आणि एबीएस रिंगचे दाते मोजून जुळले तरच करा. अट एकच: घासणं पॉलिशपुरतं असावं, खळगे-चीर नको. यानंतर रिव्हर्समध्ये पूर्ण वळणावर थोडा आवाज येईल, ते अपेक्षित आहे. अनेक हजार किलोमीटर निघतात, पण पुढेमागे नवीन जॉइंट लागणारच हे धरून चाला.

आतल्या ट्रायपॉडचं गणित वेगळं. त्याच्या घरातल्या तीन खाचांवरून बोट फिरवा. रोलर जिथे नेहमी बसतो तिथे खळगा लागला तर घराची बाजूच बदलावी लागेल. घर गुळगुळीत असेल आणि फक्त रोलर खडखडत असतील, तर तीन रोलरचा स्पायडर काही गाड्यांसाठी सुटा मिळतो. आणि हा जॉइंट का गेला तेही पाहा. इंजिन माउंट बसलं किंवा गाडीला लिफ्ट किट लावलं की शाफ्टचा कोन वाढतो आणि रोलर सतत तिरके घासतात. माउंट तसंच ठेवून नवीन ट्रायपॉड घातलात तर थरथर परत येणार.

खरेदीला पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुना जॉइंट धुऊन पिशवीत न्या. ‘अमुक गाडीचा द्या’ एवढं सांगून भागत नाही. एकाच मॉडेलच्या टू-व्हील आणि ऑल-व्हील आवृत्तींचे जॉइंट वेगळे असू शकतात. दात्यांची संख्या, एबीएस रिंगचे दाते, हबमध्ये जाणाऱ्या टोकाची लांबी आणि बूट बसतो त्या दोन्ही जागांचे व्यास व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. खर्चाची उतरंड साधारण अशी असते: बूट किट सगळ्यात स्वस्त, सुटा बाहेरचा जॉइंट त्याच्या कित्येक पट, अख्खा शाफ्ट त्याहून बराच वर. रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात शाफ्ट दिसतात. घ्यायचा तर बूट उलटून ग्रीस तपासू देणाऱ्याकडूनच. बूट उघडू देत नसेल तर पुढे चला.

ग्रीसवर काटकसर नको. बाहेरच्या जॉइंटला मोलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं काळं ग्रीस लागतं, व्हील बेअरिंगचं पिवळं किंवा निळं ग्रीस तिथे टिकत नाही. आतल्या ट्रायपॉडला अनेक कंपन्या वेगळं ग्रीस देतात. किटमधली पाकिटं अदलाबदल करू नका. साधारण बाहेर ८० ते १२० ग्रॅम आणि आत १०० ते १५० ग्रॅम लागतं, पण किटवर लिहिलेला आकडाच खरा. निम्मं छर्ऱ्यांमध्ये दाबून भरायचं, उरलेलं बूटमध्ये. ठासून भरलं तर गरम होऊन बूट फुगतो आणि क्लिपेतून बाहेर येतं.

जोडताना आधी लहान क्लिप, मग बूट, मग मोठी क्लिप शाफ्टवर चढवा. जॉइंट ठोकून बसवल्यावर हे आठवणं फार महागात पडतं. सर्क्लिप नेहमी नवी. ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत ठोका आणि मग जोरात ओढून खात्री करा. बूटची कड बोथट स्क्रू-ड्रायव्हरने क्षणभर उचलून आतली हवा मोकळी करा, नाहीतर पोकळीमुळे बूट आत खेचला जातो आणि वळ्या एकमेकींना घासून फाटतात. क्लिपचा कान दाबणाऱ्या पक्कडीने क्लिप आवळा. कडक प्लास्टिकसारख्या बूटला जास्त ताण लागतो, रबरीला कमी. प्लास्टिकचे टाय आणि तार दोन्ही नकोत. चिकटवून लावायचे दुभंगलेले बूट फक्त घरी पोहोचण्यापुरते.

शाफ्ट परत बसवताना गिअरबॉक्सचं ऑइल सील नवीन टाका, ते किरकोळ किमतीचं आहे आणि त्यासाठीची सगळी मजुरी आधीच झालेली आहे. हब नटही नवा. अशा गाड्यांत त्याचा टॉर्क साधारण १८० ते ३०० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात येतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या आणि शेवटचा पीळ चाक जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचनेच द्या. इम्पॅक्ट गनने अंदाजे आवळलेल्या नटमुळे बेअरिंग जातं.

प्रोपेलर शाफ्टचं काम मशीन शॉपशिवाय अर्धंअधिक घरी होतं. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर आणि मधल्या स्प्लाइनवर (दात्यांच्या जोडणीवर) रंगाच्या खुणा करा. खुणा चुकल्या तर फोर्क एका प्रतलात राहत नाहीत. क्रॉस जॉइंट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग थोडा वाढवतो-घटवतो, समोरचा क्रॉस ते रद्द करतो, पण फोर्क जुळले असतील तरच. एक दाता चुकला तरी नवे क्रॉस घालूनही गाडी थरथरते. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली वायसर असतील तर बाजूनुसार मोजून ठेवा.

क्रॉसचे कप काढायला व्हाइसमध्ये दोन गोटी पाने वापरा: कपापेक्षा लहान एका बाजूने दाबायला, मोठा दुसऱ्या बाजूला कप झेलायला. नवीन क्रॉस घेताना कपाचा व्यास आणि कपासकट एकूण लांबी मोजा. बसवताना कप पूर्ण आत जात नसेल, सर्क्लिपची खाच दिसत नसेल, तर एखादी सुई-रोलर आडवी पडलीय. ठोकू नका, काढून परत लावा. शेवटी क्रॉस चारही दिशांना एकसारखा, किंचित घट्ट फिरला पाहिजे. एखाद्या जागी अडकत असेल तर फोर्कच्या कानावर हलकी ठोक द्या, ताण सुटतो. ग्रीस भरायचं निपल असलेला क्रॉस मिळाला तर तोच घ्या आणि चारही सीलमधून ग्रीस डोकावेपर्यंत भरा.

अनेक नव्या गाड्यांत क्रॉस सर्क्लिपने नाही तर कड ठोसून बसवलेला असतो आणि ‘दुरुस्त होत नाही’ असं सांगितलं जातं. भोसरी एमआयडीसीच्या पट्ट्यात प्रोपेलर शाफ्टचं काम करणाऱ्याकडे तो दाखवा. आतल्या बाजूने क्लिप बसणारा क्रॉस घालून आणि त्याच शाफ्टचं बॅलन्सिंग करून काम होऊ शकतं, पण फोर्कची भोकं लंबगोल झालेली नसावीत. बॅलन्सिंग न करता शाफ्ट परत घेऊ नका. सेंटर बेअरिंगचंही तसंच: रबर शाबूत असेल तर बाहेरच्या कडेवरचा नंबर वाचा. तो ६००६ सारखा प्रमाणित असेल, म्हणजे ३० मिलिमीटर आतला व्यास, ५५ बाहेरचा, १३ रुंदी, तर दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं तेवढंच बेअरिंग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. रबर फाटलं असेल तर ब्रॅकेटसकट पूर्ण युनिट घ्या.

काम झाल्यावर चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले आहेत ना ते पाहा. दोन नवे, दोन गुळगुळीत असतील तर कपलिंग सतत घसरत राहतं आणि शाफ्टवर विनाकारण पीळ येतो. लॉक मोड कोरड्या डांबरावर वापरू नका, तो चिखलासाठी आहे. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर चाकं काढून क्लिपांजवळ ग्रीसचा ओघळ आहे का ते बघा, आणि गिअरबॉक्स व ट्रान्सफर युनिट या दोन्हींची ऑइल लेव्हल पुन्हा एकदा प्लग उघडून तपासा.